विद्यापीठाच्या अलीकडेच थांबणारी गाडी

व्हँकुव्हरला शिकायला येणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाला पहिल्याच आठवड्यात एक आकडा पाठ होतो : ९९. ही ‘९९ बी-लाइन’ नावाची बस. कमर्शियल-ब्रॉडवे स्टेशनवरून सुटते, ब्रॉडवे या रस्त्याने सरळ पश्चिमेला जाते आणि युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबिया, म्हणजे इथल्या बोलीत यूबीसी, तिच्या आवारात जाऊन संपते. १९९६ साली सुरू झाली. मधोमध भात्याने जोडलेली लांबलचक गाडी, सगळ्या दारांतून चढायची मुभा, गर्दीच्या वेळी एकीमागे एक. तरीही सप्टेंबरात कॉलेजं उघडली, की रांग कोपऱ्याला वळसा घालून जाते. पुण्यात पीएमटीच्या दारात लटकून गेलेल्या माणसाला ती रांग फार शिस्तीची वाटते, एवढाच काय तो दिलासा.

मी सॉफ्टवेअरवाला. ऑफिस डाउनटाउनमध्ये आहे. बायको यूबीसीत संशोधन करते. नऊ वर्षं आम्ही याच शहरात भाड्याने राहतोय. त्यामुळे मेट्रो कुठपर्यंत येणार, स्टेशन कुठं होणार, हा विषय आमच्याकडे जेवणाच्या ताटावर असतो. भारतातले नातेवाईक फोनवर विचारतात, ‘कॅनडासारख्या देशात विद्यापीठापर्यंत साधी मेट्रो नाही?’ नाही. आणि का नाही, हे सांगायला थोडं मागे जावं लागतं.

व्हँकुव्हरचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला पॉइंट ग्रे नावाचं जमिनीचं टोक समुद्रात घुसलेलं आहे. त्या टोकावर विद्यापीठ. तिन्ही बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला, शहर आणि विद्यापीठ यांच्या मध्ये, साडेसातशे हेक्टरांहून मोठं पॅसिफिक स्पिरिट हे राखीव जंगल. म्हणजे विद्यापीठाचे साठेक हजार विद्यार्थी, वर प्राध्यापक आणि कर्मचारी, यांतले बहुतेक जण रोज सकाळी शहर ओलांडून, जंगल ओलांडून जमिनीच्या शेवटाला जातात आणि संध्याकाळी परत येतात.

१९२२ साली हे आवार अर्धवट बांधलेलं पडलं होतं. महायुद्धामुळे काम थांबलेलं आणि वर्ग शहरात जुन्या पत्र्याच्या-लाकडाच्या इमारतींत भरत होते. तेव्हा विद्यार्थ्यांनी ५६ हजार सह्या गोळा केल्या आणि २८ ऑक्टोबरला हजारावर मुलामुलींनी मोर्चा काढला. त्याला इथं ‘ग्रेट ट्रेक’ म्हणतात. या मोर्चातली एक गोष्ट मला फार आवडते. डाउनटाउनमधून मिरवत गेल्यावर मुलं ट्रामने निघाली आणि दहावी अॅव्हेन्यू व सासामॅट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर उतरली, कारण ट्राम तिथंच संपत होती. पुढचं अंतर पायी. सरकार नमलं, १९२५ला आवार सुरू झालं. पण रूळ त्या कोपऱ्याच्या पुढे विद्यापीठात आजतागायत गेलेले नाहीत. शंभर वर्षं झाली.

सध्या जे काम चालू आहे, ते ब्रॉडवेखालच्या भुयारी मार्गाचं. इथल्या मेट्रोला स्कायट्रेन म्हणतात. १९८६च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सुरू झालेली, बिनचालकाची गाडी. तिची मिलेनियम लाइन व्हीसीसी-क्लार्क स्टेशनवर संपते. तिथून ५.७ किलोमीटर पुढे, आर्बुटस स्ट्रीटपर्यंत ती नेतायत. सहा नवी स्टेशनं, जवळपास तीन अब्ज कॅनेडियन डॉलर खर्च. बोगदा खणणाऱ्या दोन यंत्रांना एल्सी आणि फिलिस अशी नावं दिली होती. एल्सी मॅकगिल या विमान-अभियंता आणि फिलिस मंडे या गिर्यारोहक, दोघी याच प्रांताच्या मानकरी. आधी २०२५ सांगितलं होतं, आता २०२७ सांगतात. (तारीख पुढे ढकलण्यात आपलीच मक्तेदारी आहे, असा माझा समज इथं येऊन मोडला.) गाडी सुरू झाली, तरी आर्बुटसला उतरून विद्यापीठासाठी पुन्हा ९९च पकडायची. उरलेले सुमारे सात किलोमीटर हा पुढचा टप्पा. त्याची दिशा ठरली आहे, बांधकामाचे पैसे ठरलेले नाहीत. आणि त्या सात किलोमीटरांत स्टेशनं नेमकी कुठं, हाच या लेखाचा विषय.

इंजिनिअरिंगला अल्गोरिदम शिकताना एक गणित होतं. नकाशावर घरं दिलेली असतात, दवाखाने मात्र चारच उघडायचे आहेत. तर ते कुठं उघडले म्हणजे सगळ्यांचं मिळून चालणं कमीत कमी होईल? प्रत्येक घराला एक वजन असतं, म्हणजे त्या ठिकाणी माणसं किती. गणित अवघड आहे, पण परीक्षेत वजनं छापून यायची. इथं सगळं भांडण वजनांवर आहे. आज राहणारी माणसं मोजायची, की पुढे राहायला येणारी? जी अजून आलीच नाहीत, ज्यांच्या इमारती कागदावर आहेत, त्यांचं वजन किती धरायचं?

आता सात किलोमीटरांकडे बघा. आर्बुटसनंतर पहिलं स्टेशन मॅकडोनाल्ड स्ट्रीटला, दुसरं आल्मा स्ट्रीटला. यावर फारसा वाद नाही. दुकानं आहेत, वस्ती आहे, दुसऱ्या बसचे फाटे तिथं मिळतात. खरा प्रश्न आल्मानंतर. सरळ बघितलं तर दहाव्या अॅव्हेन्यूखालून पश्चिमेला जायचं. तिथं सासामॅटचा कोपरा, म्हणजे १९२२ला ट्राम संपत होती तोच. छोटी बाजारपेठ आहे, बेकरी आहे, शाळा आहेत, आणि भोवती बागा असलेली बैठी, अतिशय महाग घरं. किंवा रेषा थोडी उत्तरेला वाकवायची आणि जेरिको नावाच्या जमिनीखालून न्यायची.

जेरिको म्हणजे ९० एकर जवळपास मोकळी जमीन. मूळ मस्क्विम, स्क्वामिश आणि त्स्लेल-वॉटुथ या आदिवासी राष्ट्रांचा हा मुलूख. मध्यंतरी यातल्या मोठ्या भागात लष्कराचा तळ होता. आता मालकी या तीन राष्ट्रांच्या भागीदारीची आणि केंद्र सरकारच्या कॅनडा लँड्स कंपनीची. जमीन ज्यांच्याकडून गेली, त्यांच्याकडेच ती विकत घेण्याच्या मार्गाने परत आली, हेही जरा विचार करण्यासारखं. तिथं सुमारे १३ हजार घरं, २४ हजार माणसं, काही इमारती चाळीस मजल्यांच्याही वर, असा आराखडा व्हँकुव्हरच्या नगर परिषदेने जानेवारी २०२४ला धोरण म्हणून मंजूर केला. त्याआधीच, २०२२ला, परिषदेने गाडी जेरिकोमार्गे न्यायला पाठिंबा दिला होता.

म्हणजे दोन पर्याय असे : जिथं आज माणसं आहेत पण फार वाढणार नाहीत, तिथं स्टेशन, की जिथं आज गवत आहे आणि उद्या एक अख्खं गाव असेल, तिथं. माझं मत विचाराल, तर जेरिको. बैठ्या घरांच्या मधोमध अब्जावधींचं स्टेशन करून वर ‘आमच्या गल्लीचं रूप बदलू नका’ म्हणणं मला पटत नाही. शेजारच्या लोकांचा मुद्दा अगदीच खोटा आहे असं मात्र नाही. ते विचारतात, गाडीचे पैसे मंजूर नाहीत आणि टॉवरला मात्र मंजुरी. गाडी दहा वर्षं उशिरा आली तर ही २४ हजार माणसं चौथ्या अॅव्हेन्यूवरच्या बसमध्ये कशी मावणार? याचं चोख उत्तर मी अजून कुणाकडून ऐकलेलं नाही.

स्टेशन एकदा कागदावर आलं, की आणखी एक चक्र फिरतं. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०२३च्या शेवटी एक कायदा केला. स्कायट्रेनच्या स्टेशनपासून दोनशे मीटरच्या आत वीस मजले, चारशेच्या आत बारा, आठशेच्या आत आठ. निवासी जमिनीवर एवढ्या उंचीच्या इमारतीला महापालिकेने उंची जास्त म्हणून नकार द्यायचा नाही. शिवाय तिथल्या घरांना पार्किंगची सक्तीही नाही. म्हणजे स्टेशनचा ठिपका ठेवला, की त्याभोवती तीन वर्तुळं आपोआप उमटतात आणि त्या वर्तुळांतल्या जमिनीचा भाव त्याच दिवशी बदलतो. ठिपका दोनशे मीटर इकडे की तिकडे, हे ठरवणारा माणूस गाडीबरोबर कुणाच्या तरी घराचंही ठरवत असतो.

वर्तुळाची गंमत अशी, की ते नकाशावर गोल असतं, जमिनीवर नसतं. यूबीसीच्या पश्चिम कडेला स्टेशन ठेवलंत, तर अर्धं वर्तुळ कडा आणि समुद्रावर पडतं. मासे काही तिकीट काढत नाहीत. विद्यापीठाच्या अलीकडे ‘ब्लॉक एफ’ ही मस्क्विम राष्ट्राला २००८च्या समझोत्यात मिळालेली जमीन आहे. तिथं नवी वसाहत उभी राहतेय, आणि तिथंही एक स्टेशन असावं का, अशी चर्चा आहे. तिथं वर्तुळ काढा. बराचसा भाग जंगलात आणि गोल्फच्या मैदानात जातो. मग त्या स्टेशनचं वजन काय? दुसरीकडे, जंगलाच्या कडेने राहणाऱ्यांना रात्री अकराला बस चुकली की काय वाटतं, ते आकड्यात बसत नाही.

आणि थांबा वाढवणं फुकट नसतं. ब्रेक, दार उघडणं, बंद होणं, पुन्हा वेग घेणं, यात प्रत्येक थांब्याला जवळपास मिनिट जातं. एक जण म्हणेल, मिनिटाने काय होतं? त्या गाडीत पलीकडच्या टोकापासून, म्हणजे कोक्विटलमपासून, बसून आलेली शेकडो मुलं असतात. त्या सगळ्यांचं मिनिट. शिवाय भुयारी मार्गात पैसा सगळ्यात जास्त खातात ती स्टेशनंच. खोल खड्डा, सरकते जिने, लिफ्ट, हवा खेळवायची यंत्रणा, आणि खोदाई चालू असेपर्यंत वरच्या दुकानदारांचे हाल. ब्रॉडवेवरची काही छोटी उपाहारगृहं या काही वर्षांत लाकडी फळ्यांच्या कुंपणाआड कशी गुदमरली, ते आम्ही रोज येता-जाता बघितलंय.

आता खुद्द विद्यापीठात स्टेशन कुठं, हे बघू. विद्यापीठाला दोन हवीत. एक मध्यभागी, आज बस जिथं थांबतात त्याच्या आसपास. दुसरं दक्षिणेला, स्टेडियमच्या बाजूला, जिथं नवी घरं होणार. कारण यूबीसी नुसतं शिकवत नाही, जमीनही भाड्याने देतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून ते आपल्या जमिनीवर ९९ वर्षांच्या कराराने घरं बांधू देतं आणि येणारा पैसा शिक्षणाच्या निधीत टाकतं. हॅम्प्टन प्लेस, वेसब्रुक प्लेस या अशाच वसाहती. (इथंही आकडा ९९च, हा योगायोग.) दक्षिणेचं स्टेशन झालं, तर त्या जमिनीला भाव येणार, आणि गाडीच्या खर्चात आपण हातभार लावू, अशी तयारी विद्यापीठाने दाखवली आहे. यात काही काळंबेरं आहे असं मला वाटत नाही. स्टेशनमुळे जमिनीचा जो भाव वाढतो, त्यातला वाटा स्टेशनलाच मिळाला तर उत्तम. फक्त ते दुसरं स्टेशन विद्यार्थ्यांसाठी आहे की कराराने घर घेणाऱ्यांसाठी, हे कुणी तरी स्पष्ट विचारायला हवं. बायकोच्या लॅबमधल्या पोस्टडॉकपैकी एकालाही त्या वसाहतीत बाजारभावाने घर घेणं परवडत नाही.

असा हातभार याच भागात प्रत्यक्षात आलेला आहे. रिचमंडमध्ये कॅनडा लाइन २००९ला सुरू झाली, तेव्हा कॅप्स्टन नावाच्या स्टेशनची जागा मोकळी सोडली होती. तिथं वस्तीच नव्हती. महापालिकेने बिल्डरांना सांगितलं, जास्त घरं बांधा, पण प्रत्येक घरामागे स्टेशनसाठी पैसे भरा. आधी पैसे साठले, मग डिसेंबर २०२४ला स्टेशन उघडलं. माणसं आली आणि स्टेशन त्यांच्यामागून आलं. मधली काही वर्षं लोकांनी घराच्या खिडकीतून न थांबता जाणारी गाडी बघत काढली, ते वेगळं.

उलट उदाहरण सायमन फ्रेझर विद्यापीठाचं. ते बर्नबी डोंगराच्या माथ्यावर, १९६५पासून. गाडी डोंगराच्या पायथ्याशी. स्टेशनच्या नावात ‘युनिव्हर्सिटी’ आहे, विद्यापीठ मात्र वर. नवखा मुलगा बॅगा घेऊन उतरतो आणि विचारतो, युनिव्हर्सिटी कुठाय? बर्फ पडलं की बस वर चढत नाही आणि परीक्षा पुढे ढकलायची वेळ येते. माथ्यावर विद्यापीठाशेजारीच एक वसाहतही उभी राहिली आहे. तीही त्याच बसच्या भरवशावर. आता तिथं रोपवे करायचं चाललंय.

बाबांना हे सगळं फोनवर सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, ‘‘अरे, आपल्याकडे काय वेगळं आहे?’’ त्यांचं घर बाणेर रस्त्यालगत. हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रो त्यांच्या समोरून आणि पुणे विद्यापीठाच्या दारावरून जाते. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल मेट्रोच्या आड येतो म्हणून २०२०ला पाडला, तो त्यांनी चालायला जाताना रोज थोडा थोडा नाहीसा होताना बघितला. विद्यापीठाचं स्टेशन गेटबाहेर गणेशखिंड रस्त्यावर. गेटपासून आत मुख्य इमारतीपर्यंतचं चालणं ज्याने दुपारी उन्हात केलंय, त्याला ‘दारापर्यंत मेट्रो’ म्हणजे किती ते कळतं. बाबांचा घर घेण्याचा नियम जुना आहे : स्टेशन जवळ हवं, पण दारात नको.

आमचं नेमकं दारात आलंय. आम्ही राहतो ती इमारत लाकडी, तीन मजली, पन्नासेक वर्षं जुनी. आर्बुटसचं नवं स्टेशन सहा मिनिटांच्या चालण्यावर. घर घेतलं तेव्हा मित्र म्हणाले, लॉटरी लागली. मागच्या वर्षी शेजारच्या प्लॉटवर महापालिकेची पाटी लागली : वीस मजली इमारतीचा प्रस्ताव. आमच्या इमारतीलाही पाटी लागेल, हे सगळे धरून चालले आहेत.

इथं भाडेवाढ दरवर्षी सरकार ठरवेल तेवढीच करता येते. भाडेकरू बदलला, की मात्र मालक बाजारभाव लावतो. म्हणून जितकं जुनं बिऱ्हाड, तितकं भाडं कमी. आमच्या खालच्या मजल्यावर सत्तरी ओलांडलेल्या बाई राहतात, शाळेत ग्रंथपाल होत्या. सत्तावीस वर्षं त्याच घरात आहेत. इमारत पाडली, तर नव्या इमारतीत जुन्या किंवा त्याहून कमी भाड्यात परत यायचा हक्क या भागातल्या भाडेकरूंना शहराच्या योजनेने दिलाय आणि मधल्या काळातल्या भाड्याची सोयही आहे. कागदावर चांगला आहे. बाईंचा प्रश्न एवढाच, की मधला काळ म्हणजे तीन-चार वर्षं, आणि आपण आता त्र्याहत्तर. त्या मेट्रोच्या विरोधात नाहीत. गुडघे दुखतात, ९९मध्ये उभं राहवत नाही. खरं तर गाडी सगळ्यात जास्त त्यांनाच हवी आहे.

अशा प्रस्तावांवर सुनावणी होते. मी दोनदा गेलो. मंगळवारी संध्याकाळी ऑफिसनंतर, आणि दोन्हीही वेळा रात्री उशिरापर्यंत बसलो. बोलणारे बहुतेक साठीच्या पुढचे, स्वतःच्या घराचे मालक. त्यांना वेळ आहे, भाषा आहे, नकाशे वाचता येतात. त्यांनी बोलू नये असं मी म्हणणार नाही. पण विद्यार्थी कुठं होते? अभ्यासाला, कामाला, ९९च्या रांगेत. विद्यार्थ्याचं इथलं आयुष्य चार-पाच वर्षांचं, स्टेशनचं नियोजन पंधरा-वीस वर्षांचं. ज्याला त्रास होतो, त्याला कधीच फायदा मिळत नाही, आणि ज्याला फायदा मिळेल तो आज शाळेत आहे, कदाचित जळगावला किंवा साताऱ्याला. दोन मिनिटं मिळाली तेव्हा मी एवढंच म्हटलं, की मोजणी करताना त्याला मोजा. आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंनाही, कारण त्या बेरजेत ‘विस्थापित’ या रकान्यात गेल्या, की त्यांचा गुडघा दिसत नाही. अध्यक्षांनी आभार मानले आणि पुढचं नाव पुकारलं.

मंडळाच्या गणपतीत आता आईवडील हमखास विचारतात, मुलगा यूबीसीला येतोय, खोली कुठं बघू? मी सांगतो, विद्यापीठाजवळ हट्ट धरू नका, भाड्याने कंबर मोडेल. जॉइस-कॉलिंगवुड स्टेशनजवळ बघा. तिथून एक्केचाळिसाव्या अॅव्हेन्यूने ‘आर-४’ बस थेट विद्यापीठात जाते. नाहीतर मेट्रोटाउनवरून ४९ नंबर. यू-पास फीमध्येच येतो, त्यामुळे तिकिटाची वेगळी चिंता नाही. दहा-वीस मिनिटं जास्त जातात, पण बसायला जागा मिळायची शक्यता असते.

परवा नाशिकहून आलेल्या एका मुलाला हे सांगत होतो. पीएचडीला आलाय, पाच वर्षं तरी राहील. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, फोनवर नकाशा उघडला, आर्बुटसच्या पुढची तुटक रेषा बोटाने विद्यापीठापर्यंत नेली आणि विचारलं, ‘‘दादा, ही रेषा माझ्या काळात होईल का?’’ मी म्हटलं, तुझ्या काळात आर्बुटसपर्यंत होईल. तो हसला आणि म्हणाला, ‘‘मग जॉइसचीच खोली बघतो. सकाळची पहिली आर-४ कितीला असते?’’